काठावरचा तांडेल

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



आज मी तुमच्याशी खेळण्यातल्या होड्यांबद्दल बोलणार आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे काय सुचलं, असं तुम्हांला वाटेल. आमच्या घरातही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण या होड्यांच्या मागे चालत गेलो, तेव्हा मी थेट पनवेलच्या जुन्या बंदरात आणि तिथून साडेतीनशे वर्षं मागे जाऊन पोचलो. ती हकिगत सांगण्यासारखी आहे.

आमचं मूळ घर जुन्या पनवेलात. आजोबा भाताच्या एका वखारीत हिशेब लिहायला होते. पनवेलचा माल तेव्हा मचव्यांतून खाडीमार्गे मुंबईला जायचा. भरतीच्या पाण्यावर मचवे आत यायचे, ओहोटीच्या पाण्यावर बाहेर पडायचे. घड्याळापेक्षा पंचांगातल्या तिथीवर बंदराचा दिवस ठरायचा. वखारीचा माल नेणाऱ्या एका मचव्याच्या तांडेलानं माझ्या वडिलांना, ते सात-आठ वर्षांचे असताना, हातभर लांबीचा एक मचवा करून दिला होता. सागाच्या ठोकळ्यातून कोरलेला, आतून उंडीचं तेल प्यायलेला, तिरक्या परभाणाला मांजरपाटाचं शीड बांधलेला. वडिलांनंतर तो आम्हां भावंडांकडे आला.

आमच्या आळीतली पाच-सहा पोरं तळ्यावर होड्या सोडायची. कुणाची पांगाऱ्याच्या लाकडाची, कुणाची नारळाच्या पोयीची. जत्रेतून आणलेली, मेणबत्तीवर फटफट करत पळणारी पत्र्याची बोट एखाद्याकडे असायची, पण तिला शर्यतीत घेत नसू. नियम एकच होता. या काठावरून होडी सोडली की हात लावायचा नाही. तळ्याला वळसा घालून पळत जायचं आणि समोरच्या काठावर तिची वाट बघायची. मधल्या वेळात होडी आणि वारा यांचं जे काय व्हायचं ते होईल. आमचा मचवा बहुतेक वेळा जिंकायचा आणि त्याचं श्रेय मी घ्यायचो.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं. १९८० च्या दशकात आम्ही सिडकोच्या वसाहतीत, नवीन पनवेलला दोन खोल्यांच्या घरात राहायला आलो. जुन्या घरातलं सामान तिथं मावणार नव्हतं. तांब्याचे हंडे, लाकडी मांडणी, पाट असं एकेक निघालं. त्याच दिवशी शीड फाटलेला, डोलकाठी मोडलेला तो मचवा मी स्वतःच्या हातानं भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवला. त्याचे वेगळे पैसेही आले नाहीत. वडील तेव्हा हयात होते. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला नंतर अनेकदा वाटलं.

ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. निवृत्तीनंतर मुलीकडे लंडनला गेलो, तेव्हा ती आठवली. तिथल्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये राउंड पाँड नावाचं एक मोठं तळं आहे. एका रविवारी सकाळी माझ्याच वयाचे एक गृहस्थ काठावर गुडघे टेकून, मीटरभर लांबीची लाकडी यॉट पाण्यात सोडत होते. हातात रेडिओची पेटी नव्हती. त्यांनी वाऱ्याकडे तोंड केलं, होडीच्या मागच्या बाजूला बोटानं काहीतरी फिरवलं, तिला हलकेच ढकललं आणि काठी टेकत ते तळ्याच्या दुसऱ्या बाजूकडे निघाले. मी त्यांच्या मागोमाग चालू लागलो. आमच्या आळीचा नियम त्यांना कुणी सांगितला, असंच मला वाटलं.

मग मी या खेळाची माहिती काढायला लागलो. विलायतेत हा खेळ व्हिक्टोरिया राणीच्या काळातच रुजला होता. मोठ्या शर्यतीच्या यॉट ही श्रीमंतांची चैन. पण तिचीच छोटी प्रतिकृती सुतार, लोहार, कारकून, शाळामास्तर अशा कुणालाही घरच्या घरी करता येई. तळ्याच्या काठी त्यांचे क्लब निघाले, मापं ठरली, चषक आले. नियम असा की होडी माणसाशिवाय जाईल. माणूस काठानं चालेल.

इथे खरी अडचण येते. शिडाची होडी सोडून दिली की ती आपल्या मर्जीनं जाते. वाऱ्याचा जोर वाढला की तिचं नाक वाऱ्याकडे वळतं, शीड फडफडतं आणि ती उभी राहते. मग आत कुणी नसताना तिला सरळ ठेवायचं कसं? या एका प्रश्नावर तिथल्या हौशी मंडळींनी पन्नास-साठ वर्षं डोकं चालवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज ब्रेन नावाच्या गृहस्थांनी मोठ्या शिडाची दोरी सुकाणूला जोडली. वाऱ्याचा झोत आला की शीड ओढ घेतं, दोरी ताणते आणि सुकाणू आपोआप हवं तितकं वळतं. झोत ओसरला की एक रबर सुकाणूला पुन्हा मधोमध आणून ठेवतं. दोरी आणि रबर, बस्स. पुढे १९३० च्या दशकात सॅम बर्ग या नॉर्वेच्या स्पर्धकानं आणखी सोपी युक्ती आणली. होडीच्या मागच्या टोकाला एक हलकं पातं बसवायचं. देवळावरच्या वातकुक्कुटासारखं ते वाऱ्याप्रमाणे फिरतं आणि फिरताना सुकाणूला वळवतं. होडीनं वाऱ्याशी अमुक कोन करून जायचं, असं एकदा लावून दिलं की ती तो कोन धरून ठेवते. लंडनला त्या गृहस्थांनी बोटानं फिरवलं ते हेच पातं होतं.

शर्यतीचे गुणही मजेचे आहेत. एका वेळी दोनच होड्या भिडतात. वाऱ्याच्या विरुद्ध, तिरकं तिरकं चढत जाण्याच्या फेरीला ३ गुण आणि वाऱ्याबरोबर परत येण्याच्या फेरीला २. वाऱ्याला पाठ देऊन कुणीही जाईल. वाऱ्याला तोंड देऊन जायला कसब लागतं, म्हणून एक गुण जास्त. काठाशी आलेली होडी मालकानं काठीनं वळवून पुन्हा सोडायची. म्हणजे एका शर्यतीत माणूस मैलोन्‌मैल चालतो. गुडघ्यांच्या डॉक्टरला हे सांगू नका.

अमेरिकेतही हा खेळ जोरात होता. मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड गावात १९३० च्या सुमारास एक नवा वर्ग ठरला. होडीची लांबी ५० इंच, शीड ८०० चौरस इंच, बाकी आकार ज्याचा त्यानं ठरवावा. मोटारीच्या मागच्या सीटवर मावेल, अशा हिशेबानं हे माप धरलं, असं सांगतात. मंदीच्या त्या दिवसांत शाळांच्या सुतारकामाच्या वर्गांत मुलं अशा होड्या करत. मग दुसरं महायुद्ध झालं, पाठोपाठ रेडिओचं नियंत्रण आलं. काठावर एका जागी उभं राहून बोटांनी सुकाणू फिरवता येऊ लागलं. लाकडाच्या जागी फायबरग्लास आलं. १९७० च्या दशकापर्यंत सोडून दिलेल्या होड्यांचा खेळ जवळजवळ संपला आणि लाकडी यॉट माळ्यावर गेल्या.

माळ्यावर गेलेली वस्तू पुढे कुठे जाते, ते मला चांगलं ठाऊक आहे. पण तिकडे काही माणसांनी वेळेवर शिडी लावली. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत जुन्या मॉडेल यॉटसाठी मंडळं निघाली. माळ्यावरच्या होड्या खाली आल्या, जुने आराखडे पुन्हा काढले गेले. अमेरिकेतल्या मंडळानं १९७० पूर्वीच्या आराखड्यावर बांधलेल्या नव्या होड्यांनाही जागा दिली आणि ज्यांना काठानं पळणं जमत नाही त्यांना रेडिओचीही मुभा ठेवली. सोवळं पाळलं असतं तर चार म्हाताऱ्यांचा खेळ चार म्हाताऱ्यांबरोबर गेला असता.

आणि हा काही फक्त गोऱ्यांचा खेळ नव्हे. मलाया आणि रिआउ बेटांकडे जोंग नावाची, माणसाशिवाय धावणारी शिडाची होडी असते. एका बाजूला तोल सांभाळणारं लाकूड, वर भलंमोठं शीड. किनाऱ्यावरचे कोळी त्यांच्या शर्यती लावत आले आहेत आणि सिंगापूरमध्ये हल्लीच्या पिढीनं तो खेळ पुन्हा उचलला आहे. आपल्याकडे तर लोथलच्या उत्खननात मातीची छोटी नौका सापडली आहे. तिच्यात डोलकाठीसाठी भोक आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या कुणा पोरानं ती पाण्यात सोडली असेल की नाही, ते कोण सांगणार? पण ज्यानं भोक पाडलं त्याच्या मनात शीड होतं, एवढं खरं.

आता पनवेलकडे येतो. आजचं पनवेल म्हणजे रेल्वेचं जंक्शन, महामार्ग, उंच इमारती आणि २०२५ अखेर सुरू झालेला विमानतळ. इथे कधी बंदर होतं हे नव्या रहिवाशांना सांगावं लागतं. पण शिवाजी महाराजांच्या आरमाराचा जन्म ज्या ठिकाणी झाला त्यांत पनवेलचं नाव आहे. कल्याण-भिवंडीचा मुलूख हाती आल्यावर महाराजांनी जहाजं बांधायला घेतली. १६५९ च्या पोर्तुगीज कागदांत याची धास्तीनं नोंद केलेली आहे: शहाजीच्या मुलानं भिवंडी, कल्याण आणि पनवेल इथे लढाऊ गलबतं बांधली आहेत. सुरुवातीच्या कामावर रुय लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज कारागीर आणि त्याचा मुलगा होता. पोर्तुगीजांनी त्यांना तिथून काढून घेतलं, तरी काम थांबलं नाही. आपल्या सुतारांनी ते उचललं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात याच किनाऱ्याच्या गुराबांनी आणि गलबतांनी इंग्रजांची झोप उडवली.

इंग्रजी अमलात पनवेलला वेगळं महत्त्व आलं. १८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीनं पनवेलला उतरायचा आणि तिथून गाडीनं घाट चढायचा. पनवेलला गाड्यांची चाकं बनवण्याचा मोठा धंदा होता, तो याच रस्त्यामुळे. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि प्रवासी पनवेलला वळसा घालून जाऊ लागले. बंदर मात्र लगेच संपलं नाही. भात, मीठ, लाकूड, कौलं यांची ने-आण मचव्यांतून पुढे कित्येक दशकं चालली. माझ्या आजोबांची नोकरी म्हणजे त्या लांबलेल्या संध्याकाळचा एक तुकडा.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. महाराजांच्या त्या पनवेलच्या गलबतांचा एकही आराखडा आपल्याजवळ नाही. कोकणातला वाडी म्हणा, मेस्त्री म्हणा, कागदावर काही काढत नसे. तळाचं पठाण घातलं की पुढचा आकार डोळ्यांत आणि हातांत. मुलगा बापाच्या शेजारी उभा राहून शिकायचा. कागदावर मापं आली ती परक्यांमुळे. १८३४ मध्ये जॉन एडी या इंग्रजानं हिंदुस्थान आणि सिलोनच्या देशी नौकांवर निबंध लिहिला. फ्रेंच नौदलातल्या पारीस नावाच्या अधिकाऱ्यानं जगभर फिरून नौकांची मापं घेतली. १८४० च्या दशकात निघालेल्या त्याच्या ग्रंथात आपली फत्तेमारीही आहे. पुढे तो पॅरिसच्या नौकासंग्रहालयाचा प्रमुख झाला आणि त्या मापांवरून त्यानं छोट्या प्रतिकृती करवून घेतल्या. १९२० मध्ये जेम्स हॉर्नेलनं भारतीय नौकांच्या घडणीवर लिहिलं. आपल्या बाजूनं मुंबई विद्यापीठाचे भूगोलतज्ज्ञ बी. अरुणाचलम यांनी खलाशांच्या ज्ञानाचा माग काढला आणि व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी सुरू केली. याच आवटींच्या आग्रहातून गोव्यात ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली आणि २०१० मध्ये दिलीप दोंदे एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले.

अलीकडचं उदाहरण ‘कौंडिण्य’चं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातलं जहाज बघून, फळ्या खिळ्यांऐवजी काथ्यानं शिवून, नौदलानं ते गोव्यात बांधवून घेतलं. २०२५ मध्ये ते नौदलात आलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं. चित्र होतं, पण आराखडा नव्हता. मग काय केलं? मद्रासच्या आयआयटीत त्याच्या छोट्या प्रतिकृतीवर पाण्यात चाचण्या घेतल्या. म्हणजे विसरलेलं जहाज परत आणण्याची एक पायरी, खेळण्याएवढी होडी पाण्यात सोडून बघणं, हीच होती. ते वाचलं आणि माझ्या हातून हातगाडीवर काय गेलं, हे मला नीट कळलं.

लंडनहून परतल्यावर मी तो मचवा पुन्हा करायला बसलो. लाकूड पांगाऱ्याचं, शीड जुन्या छत्रीच्या कापडाचं, निरम म्हणून जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी ठोकून तळाला बसवली. मचवा दिसायला झकास झाला. नातवाला घेऊन आदईच्या तलावावर गेलो आणि पाण्यात सोडला. दहा हात गेला आणि वाऱ्याकडे नाक करून उभा राहिला. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. शीड लहान केलं, शिसं मागेपुढे केलं, सुकाणू मोठं केलं. आठ रविवार गेले. नातू म्हणाला, ‘‘आजोबा, तुमचा मचवा घाबरतो का पुढे जायला?’’

शेवटी उरणच्या बाजूच्या एका वयस्क नाखवांकडे ओळखीनं गेलो. नव्वदीला टेकलेले, पण डोळे लख्ख. मचवा मांडीवर घेतला, फिरवून पाहिला आणि हसले. म्हणाले, ‘‘काठी सरळ कशी उभी केलीस, बाला? ही पुढं वाकाया पायजे.’’ मी यॉटची चित्रं बघून बघून डोलकाठी ताठ उभी केली होती. आपल्या मचव्याची काठी नाळेकडे झुकलेली असते. ती झुकली की जड परभाण काठीपासून मोकळं लटकतं आणि शिडाची ओढ पुढे सरकते. शिडाची ओढ मागे राहिली की नाक वाऱ्याकडे फिरतं. पुढे सरकली की होडी वाट धरते. वडिलांच्या मचव्यावर ती काठी मी दहा वर्षं रोज पाहिली होती आणि तरी मला आठवली नाही. नाखवांनी माझ्याकडून सुतळी घेतली आणि परभाण काठीला कसं बांधायचं तेही तीनदा बांधून, तीनदा सोडून दाखवलं. चौथ्यांदा माझ्याकडून बांधून घेतलं. मी पैसे विचारले तर म्हणाले, ‘‘पान्यात गेला का कलव.’’

पुढच्या रविवारी मचवा तलाव पार करून गेला. मी फोन करून कळवलं.

मग आणखी चार-पाच जण जमले. एक निवृत्त फिटर, एक चित्रकलेचे शिक्षक, एनसीसीच्या नौदल शाखेत असताना जहाजांच्या प्रतिकृती केलेले एक बँकवाले. कुणी मार्बलहेडच्या जुन्या आराखड्यावर ५० इंची यॉट बांधली, कुणी होडकं, कुणी फत्तेमारी. आमच्या मंडळाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. पाऊस ओसरला की आम्ही पाण्यावर जातो. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. मधल्या अर्ध्या तासात सगळं स्तब्ध. त्या अर्ध्या तासात पहिली शर्यत लावण्याचा शहाणपणा आम्ही केला होता. दोन होड्या तलावाच्या मध्यावर तासभर बसून राहिल्या. शेवटी गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून, तो फेकून फेकून त्या ओढून आणल्या. तोवर काठावर पन्नासेक माणसं जमली होती आणि प्रत्येकाचा सल्ला वेगळा होता.

आमच्या मचव्यांसाठी नियम थोडा बदलावा लागला. यॉटचं शीड वाऱ्याबरोबर एका बाजूचं दुसऱ्या बाजूला आपोआप जातं. मचव्याचं तसं नाही. दिशा बदलताना परभाण काठीच्या पुढून दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं, आणि तेवढ्यासाठी खऱ्या मचव्यावर खलाशी लागत. म्हणून मचवा काठाला लागला की मालकानं परभाण फिरवून पुन्हा सोडायचं, असं ठरलं. सोडणाऱ्याला आम्ही तांडेल म्हणतो, समोरच्या काठावर झेलणाऱ्याला खलाशी.

आता माझी एक चूक सांगतो. दुसऱ्या वर्षी आठवीतली एक मुलगी आली. आमच्याच सेक्टरमध्ये राहणारी. तिनं मिठाईच्या खोक्यातल्या थर्मोकोलची होडी केली होती, शीड दुधाच्या पिशवीचं. ती शर्यतीत घ्या म्हणाली. मी म्हटलं, ‘‘इथे लाकडाच्याच होड्या चालतात, बाळ.’’ आवाजही जरा मास्तरी निघाला असावा. ती ‘बरं’ म्हणाली आणि काठावर बसून राहिली. पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

त्या दोन आठवड्यांत मला तो पनवेलचा तांडेल आठवत राहिला. त्याची जात वेगळी, धंदा वेगळा. कारकुनाच्या पोराला मचवा करून देण्यात त्याला काय मिळणार होतं? त्यानं सागाचा चांगला तुकडा घेतला, उंडीचं तेल पाजलं आणि देऊन टाकला. उरणच्या नाखवांनीही मला गाठ शिकवताना मी कोण, कुठला हे विचारलं नाही. आणि मी मात्र एका पोरीला थर्मोकोलवरून परत पाठवलं होतं. मी तिच्या घरी गेलो. तिच्या आई-वडिलांना सगळं सांगितलं आणि तिला म्हटलं, ‘‘रविवारी ये. माझा मचवा तू सोड. मी खलाशी.’’

ती आली. पहिल्याच फेरीत तिनं विचारलं, ‘‘काका, ही काठी वाकडी का?’’ मी तिला कारण सांगायला लागलो, तेवढ्यात माझा नातूच पुढे होऊन सांगायला लागला. मी गप्प बसलो. पुढच्या महिन्यात तिनं आपल्या थर्मोकोलच्या होडीची काठी वाकडी केली आणि ती होडी सरळ गेली. आता आमच्याकडे थर्मोकोलचा वेगळा गट आहे. जास्त गर्दी त्यातच असते. एक तरुण रेडिओवर चालणारी एक मीटरची यॉट घेऊन येतो. दुपारनंतरचा तलाव त्याचा. आमच्यातले कडक मंडळी सुरुवातीला कुरकुरली. पण आमच्या होड्या मध्यावर अडकल्या की त्याचीच बोट त्यांना ढकलत आणते. त्यामुळे कुरकुर थांबली.

त्यानंतर आम्ही एक नियम केला आणि तोच सगळ्यांत जुना नियम असल्यासारखा पाळतो. जो पहिल्यांदा येईल त्याच्या हातात त्या दिवशी आपली होडी द्यायची. दुरून दाखवायची नाही, हातात द्यायची. बुडाली तर बुडाली. आजवर दोन बुडाल्या, एक सापडली.

श्रोतेहो, मला कुणी विचारतं की यातून काय साधतं? तलावावर मचवे सोडून पनवेलचं बंदर परत येणार आहे का? नाही येणार. खाडीत गाळ आहे, काठावर भराव आहे, मचवे बांधणारे हात थोडे उरले आहेत. उरणच्या त्या नाखवांचं गेल्या वर्षी निधन झालं. त्यांच्याबरोबर काय काय गेलं, ते मला मोजता येणार नाही. पण परभाणाची ती गाठ आज नवीन पनवेलमधल्या निदान अकरा मुलांना येते. मी मोजली आहेत.

तुमच्या गावी तळं असेल, धरणाचं शांत पाणी असेल, पाटबंधाऱ्याचा कालवा असेल. घरात जुनी छत्री असेलच. फूटभर हलकं लाकूड किंवा थर्मोकोल घ्या, तळाला थोडं शिसं लावा, काठी पुढे झुकवा. मुलांना पाण्याच्या काठी एकटं सोडू नका. मोठ्या माणसानं बरोबर असावं आणि होडी आणायला कुणी पाण्यात उतरू नये, तिच्यासाठी दोरीचा चेंडू ठेवावा. जवळपास एखादे म्हातारे नाखवा, मेस्त्री किंवा खलाशी असतील तर त्यांना नक्की बोलवा. मानाची खुर्ची द्या, पण भाषण करायला लावू नका. होडी त्यांच्या मांडीवर ठेवा आणि गप्प बसा. ते बोलतील.

आणि माळा आवरताना जरा बघून आवरा.